सगुणाबाईचं मलम

त्या दिवशी अंगणात आम्ही इतके जण होतो. माझी सासू सगुणाबाई. मी, तिची एकुलती सून. माझे मालक, म्हणजे तिचा पोरगा, खाटेवर बसून. माझा राजू, आणि त्याच्या पाठची मंदा. आणि कुंपणापलीकडून आलेली शेजारची कौसल्या. एवढेच. आता त्यातली मी आहो आणि राजू आहे, बाकी गेले. राजू लहान होता, त्याले काही आठवत नाही. म्हणून मीच सांगतो.

पण सासू कशी होती ते आधी सांगावं लागते, नाहीतर तिनं त्या दिवशी काय केलं आणि काऊन केलं ते समजणार नाही.

चिचगडच्या पुढं जंगलाले लागून आमचा टोला आहे, म्हणजे लहानशी वस्ती. धानाची शेती, आणि बाकी जंगल देईल ते. हिवाळ्यात तिकडं फार थंडी. धान घरात आलं की सगुणाबाई मलम करायले बसे. छातीले चोळायचं मलम. कफ झाला, खोकला झाला, नाक बंद झालं, तर सारा टोला तिच्या दारात येई. तिचं मलम चिचगडच्या बाजारापर्यंत माहीत होतं.

त्याची तयारी उन्हाळा सरता सरता सुरू होई. मोहाच्या बिया वेचायच्या, त्याले आम्ही टोरी म्हणतो. घाण्यावर त्याचं तेल काढायचं. हे तेल थंडीत तुपासारखं गोठते, म्हणून मलमाले चांगलं. जंगलातलं पोळं कोणी काढलं की मेण मागून ठेवायचं. रस्त्याकडेच्या निलगिरीचा पाला, तुळस, ओवा, लसूण. हे सगळं तेलात टाकून बारीक विस्तवावर ठेवायचं, पाला कुरकुरीत झाला पाहिजे पण काळा नाही. मग फडक्यानं गाळून मेण टाकायचं. मेण विरघळलं की कढई खाली.

आता कापूर. तेल जास्त गरम असताना टाकला तर कापूर उडून जाते, वास राहत नाही. थंड झाल्यावर टाकला तर खडे राहतात. बोट टिकलं पाहिजे पण झोंबलं पाहिजे, तेव्हाच टाकायचा. हे बोट माझं राहे.

"घाल वो बोट."

"आत्याबाई, अजून धूर निघून राहिला."

"धूर मले दिसते. बोटाले काय वाटते ते सांग."

मी घालत होती.

"भाजलं?"

"हाव."

"मंग थांब. निवू दे अजून."

थोड्या वेळानं पुन्हा. कौसल्या तोंडाची फटकळ, तिनं एकदा विचारलं, "सगुणाआत्या, तुमाले बोट नाही का?" सासू म्हणाली, "माझं बोट मलम लावाले लागते. हिचं कायले लागते?" कौसल्या हसली. मीही हसली. दुसरं काय करणार होती.

कापूर टाकला की झाकण ठेवायचं, आणि झाकणावर माझा हात. "दाबून धर. कापूर पळाला तर तुले माहेरी पळवीन." मलम निवलं की वेळूच्या पेरात भरायचं, वरून पळसाचं पान बांधायचं.

लावायले मात्र तिचाच हात. तिथं ती वेगळीच बाई होई. लेकराले मांडीवर आडवं घ्यायची, हात चुलीवर शेकायची, मग मलम घेऊन छातीवर, पाठीवर, तळपायाले. रडणारं पोरगं तिच्या मांडीवर झोपून जाये. कोणाचं आहे, कुठलं आहे, विचारत नव्हती. एकदा जंगलखात्याचा एक जवान गडी खोकत खोकत आला. तिनं त्याले सदरा काढून बसवलं आणि चोळता चोळता म्हणे, "काठी धरून वाघामागं फिरता, आणि छाती तर कोंबडीच्या पिल्लाची." तो लाजून लाल झाला. जाताना पाया पडला.

तिलेही कोणी मऊ वागवलं नव्हतं. नवरा तापात गेला तेव्हा पोरगा अंगावर पीत होता. दिराच्या घरी राबून तिनं त्याले वाढवलं. ती रडत नव्हती, आणि दुसरा रडला तर तिले राग येये.

आता तिचा नियम. ती पोरीच्या छातीले मलम लावत नव्हती. पाठीले लावे, पायाले लावे, छातीले नाही. कोणाचीही पोरगी असो. "कापरानं दूध आटते," म्हणे. "आज खोकला जाईन, उद्या आई झाली की लेकरू उपाशी मरन."

हे तिनं हवेतून आणलं नव्हतं. आमच्या भागात बाईचं तान्हं लेकरू मेलं की दूध आटवायले छातीले कापूर लावत. तिचं मलम त्या कामालेही नेत. माझं पहिलं लेकरू जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. छाती दगडासारखी झाली होती, चोळी ओली होऊन जाये. तेव्हा सासूनं मले मलम लावलं. आयुष्यात तेवढंच एकदा लावलं. दूध थांबलं. ती म्हणाली, "पाहिलं ना? जातेच." म्हणजे तिच्या नियमाची साक्ष मीच होती. कोणी वाद घातला की माझ्याकडं बोट दाखवे. "हिले विचारा."

मग राजू झाला, मग मंदा. मंदा बोलकी होती. चालायले बोलायले लागली तेव्हापासून घरातलं सगळं तिले माहीत राहे, कोणती कोंबडी कुठं अंडं देते तेही.

त्या हिवाळ्यात दोघंही खोकत होते. एका सकाळी सासू राजूले मलम चोळून राहिली होती. मंदा जवळ जाऊन फ्रॉक वर धरून उभी राहिली.

"आजी, मले."

"तुले नाही. तू आई होशील."

"मले नाही व्हायचं आई."

"होशील. सगळ्याच होतात." तिनं मंदाच्या तळपायाले थोडं लावलं आणि ढकललं.

दोन-चार दिवसांत राजूचा खोकला उतरत आला, तरी त्याले रोज सकाळी चोळणं चालू होतं. मंदाचा छातीत बसला. श्वास घेतला की बरगड्यांखाली खड्डा पडे, पोट भात्यासारखं उडे. त्याले आमच्याकडं डब्बा म्हणतात. मी मालकांले म्हटलं, "चिचगडवरून देवरीची बस जाते. दवाखान्यात नेऊ."

ते म्हणाले, "मायले विचार."

मायले विचारलं. माय म्हणाली, "डब्बा निघते आणि बसते. बसमध्ये वारा लागून जास्त होईन."

"मंग छातीले मलम तरी लावा."

"तू ठार खुळी आहे का वो? तुझं दूध कसं गेलं, विसरली?"

मालक बैलांकडं निघून गेले. सासूसुनेच्या भांडणात ते नसत. आमच्या दोघांच्या भांडणातही नसत.

त्याच दिवशी दुपारनंतर सासू नाल्यावर लुगडी धुवायले गेली. मी वेळूच्या पेरातून मलम काढलं, हात शेकला आणि मंदाले छातीभर चोळलं. ती मांडीवर निजून राहिली. श्वास तसाच होता, पण पोरगी शांत झाली. मले वाटलं, झालं. फ्रॉकवर दुसरा फ्रॉक घातला, वरून माझा पदर.

कापराचा वास कुठं लपते. सासू ओली लुगडी खांद्यावर घेऊन परत आली आणि फाटकातच थांबली.

"वास कायचा?"

"राजूचा," मी म्हटलं.

तिनं राजूले धरून त्याची छाती हुंगली. सकाळचा वास शिळा झाला होता. मग ती माझ्याकडं आली, पदर उचलला, मंदाच्या गळ्याजवळ नाक नेलं. लुगडी कुंपणावर टाकली, पोरीले माझ्या मांडीवरून उचललं, दोन्ही फ्रॉक काढले. चुलीतली राख आणली. विहिरीचं पाणी बादलीत होतं.

मी उठून हात घातला तर तिनं तांब्या माझ्या मनगटावर मारला. "बस खाली. तू बिघडवलं, मी निस्तरतो."

राखेनं तिनं पोरीची छाती घासली आणि वरून थंड पाणी टाकलं. पुन्हा राख, पुन्हा पाणी. मधूनच वाकून हुंगे. वास जाईपर्यंत धुतलं. हे पाहायले होतो ते मी वर सांगितले. मालक तोपर्यंत येऊन खाटेवर बसले होते, आपल्या पायाकडं पाहत. कौसल्या आवाज ऐकून आली.

"सगुणाआत्या, पोरगी थरथरून राहिली."

"थरथरू दे. चुलीजवळ बसवली की थांबते. आटलेलं दूध कोण आणून देईन, तू?"

"तिचे अजून दुधाचे दातही पडले नाही, आणि तुमी..."

"तुझ्या घरची पोरगी आहे का? आपल्या घरी जाय."

मंदा रडली नाही. रडायले श्वास लागते. तिनं विचारलं, "आजी, झालं का?"

"झालं, बाई," सासू म्हणाली. आणि स्वतःच्या कोरड्या लुगड्यात तिले गुंडाळून चुलीजवळ बसली. कुरवाळत होती. हेही सांगितलं पाहिजे. खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या सकाळी मंदाचे ओठ निळे दिसले तेव्हा मालकांनी कोणाले न विचारता बैलगाडी जुंपली. चिचगडचा रस्ता लागायच्या आधी तिनं माझ्या मांडीवरच जीव सोडला. रस्त्याले लागलो तसं देवरीची बस आम्हाले पुढच्या वळणावर दिसली. मालकांनी गाडी बाजूले घेतली, बस जाऊ दिली, मग बैल घराकडं वळवले.

सासू लोकांले म्हणाली, "तिचं तेवढंच होतं. माझ्या हातून पोरीचं वाईट झालं नाही." पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कढई चढली. पुन्हा म्हणाली, "घाल वो बोट." मी घातलं. राजू होता, घर होतं, माहेरी कोणी नव्हतं.

सासू फार जगली. मालक तिच्या आधी गेले. टोल्यात वीज आली, रस्ता झाला, सून आली मले. सगुणाबाई खाटेले लागली. शेवटच्या हिवाळ्यात तिलेच दम लागे, छातीत घरघर. मलम आता मी करत होती. ती म्हणे, "लाव."

मी लावत होती. छातीच्या जागी नुसत्या काड्या राहिल्या होत्या. एक दिवस म्हणाली, "हात चांगला आहे तुझा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोलली. मग म्हणाली, "मंदा कधी येऊन राहिली?"

माझा हात थांबला. "कोण मंदा?"

"आपली. तिच्या लेकराले घेऊन येईन ना? दूध आहे ना तिले? असनच. मी वाचवलं."

तिच्या डोक्यात मंदा मोठी झाली होती. लग्न झालं होतं, लेकरू मांडीवर होतं.

मी म्हटलं, "मंदा मेली, आत्याबाई. लहान होती तेव्हाच. तिले डब्बा झाला होता आणि तुमी तिच्या छातीवर थंड पाणी टाकलं."

"कधी?" म्हणाली, आणि रडायले लागली. त्या बाईले रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी विसरली. पुन्हा विचारलं, "मंदाले दूध आहे ना?" मी पुन्हा तेच सांगितलं. तिले ते पुन्हा नवीनच होतं. सारा हिवाळा असं चाललं. सूनबाई मले म्हणाली, "आई, हाव म्हणून द्या ना. म्हातारी आहे. कायले रोज मारता तिले?"

मी म्हटलं, "मी मारून नाही राहिली. ती विचारते, मी सांगतो."

मले त्याचं बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. मंदा मेली होती, ते मी लपवलं नाही, एवढंच.

शेवटी शेवटी तिचं विचारणं बंद झालं. एका सकाळी मी मलम घेऊन बसली, हात शेकला, तर तिनं माझा हात बाजूले सारला. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती.

"मले नोको," म्हणाली. "पोरीले लाव आधी."

घरात पोरगी नव्हती. मी जबरदस्ती केली नाही. ऊन अंगणात यायच्या आत तिचा श्वास बंद पडला.

सासू गेल्यावर राजूले झालेल्या मुलीले खोकला झाला तेव्हा देवरीच्या दवाखान्यात नेली. मी तिथल्या डॉक्टरीणबाईले विचारलं, मलमानं डब्बा बरा होते का. ती म्हणाली, नाही. मलमानं वास येते, ऊब येते, नाक मोकळं वाटते. फुफ्फुसात गेलं की त्याले दवाई लागते, कधी हवेचं सिलिंडर लागते. आणि तान्ह्या लेकराले कापूर लावूच नका म्हणाली, त्यांचा श्वास अडते.

म्हणजे त्या दिवशी अंगणात आम्ही मलमासाठी भांडलो. लावायचं की नाही लावायचं. ती बरोबर नव्हती, आणि मी जे मागत राहिली त्यानंही मंदा वाचणार नव्हती. तिले बस पाहिजे होती, आणि बस रोज जात होती.

हे जो वाचेल त्याले माझं एवढंच मागणं आहे. लेकराच्या बरगड्यांखाली श्वासासोबत खड्डा पडताना दिसला, तर पोरगा आहे की पोरगी, घरात मोठं कोण, कोणाची परवानगी, हे काही पाहू नका. मलमाची डबीही उघडू नका. लेकरू उचला आणि दवाखान्यात जा.