झोपलेली आढळली

आमच्या बाईंविरुद्ध कार्यालयात जितक्या तक्रारी आल्या, तितक्या दुसऱ्या कुणाविरुद्ध आल्या नसतील. आणि सगळ्या एकाच गोष्टीच्या. बाई झोपलेल्या मुलांना उठवतात. चांगलं गाढ झोपलेलं लेकरू हलवून जागं करतात, त्याला नाव विचारतात, पाणी पाजतात आणि मग म्हणतात, झोप आता. एका बापाने तर लाल शाईने लिहिलं होतं, ‘या बाईंना स्वतःची मुलं आहेत का?’ साहेबांनी बाईंना तीनदा समज दिली. बाईंनी तीनदा मान डोलावली आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा मूल उठवलं.

मी बालकल्याण कार्यालयाच्या गाडीचा ड्रायव्हर. कार्यालय संध्याकाळी सहाला बंद होतं. पोरांना मारणारे, कोंडणारे, टाकून जाणारे लोक काही सहाला बंद होत नाहीत. म्हणून सहानंतर, आणि रविवारी दिवसभर, एक समाजसेविका आणि एक ड्रायव्हर फोनची वाट बघत बसतात. बारा वर्षं ती समाजसेविका म्हणजे बाई आणि तो ड्रायव्हर म्हणजे मी. इतकी वर्षं एका गाडीत बसल्यावर माणसाची खोड न खोड कळते. बाईंचा राग नाकावर. गुडघे दुखायचे, पण जिना कितीही असो, लिफ्टची वाट बघायच्या नाहीत. पर्समध्ये पावडर-कंगवा नाही, तीन मापांचे मोजे. म्हणायच्या, “रात्री घरातून बाहेर काढलेल्या मुलाच्या पायात कधी काही नसतं हो. लोक मूल देतात, चपला विसरतात.”

त्यांना स्वतःचा एक मुलगा होता, त्या लाल शाईवाल्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या पोराला आईच्या आवाजापेक्षा फ्रिजवरच्या चिठ्ठ्या जास्त पाठ. ‘जेवण गरम करून घे. दार आतून लाव.’ एकदा त्याने खाली लिहून ठेवलं होतं, ‘लावलं. आता तू कशी येशील?’ बाई ती चिठ्ठी मला दाखवून खूप हसल्या आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

या उठवण्याच्या खोडीमागे एक रविवार आहे. खरं म्हणजे दोन.

त्याआधी बाई कुणालाच उठवत नसत. आमच्यात कुणीच उठवत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. झोपलेलं मूल म्हणजे सुखरूप मूल. त्याला उठवलं की ते रडणार, आई-बाप भडकणार, शेजारी दारात येणार. आणि सकाळी दिवसपाळीचा माणूस जाणारच असतो. तेव्हा दारातून बघायचं, छापील कागदावर ‘मुले कशी आढळली’ या रकान्यात ‘झोपलेली आढळली’ असं लिहायचं, सही करायची आणि निघायचं. मीही किती वेळा खालून विचारलंय, “झोपलीत का? मग चला, चहा घेऊ.”

पहिल्या रविवारी दुपारी चारला फोन आला. बाईंनी घेतला. पलीकडे लहान मुलगी. ती एवढंच म्हणाली, “आम्ही झोपलोय.” आणि फोन ठेवला.

बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी हसलो. झोपलेलं माणूस फोन कसं करेल? पण बाई हसल्या नाहीत. नंबरवरून पत्ता काढला आणि आम्ही गेलो. स्वच्छ इमारत, तिसरा मजला. दार उघडलं मुलांच्या काकूने. आई-बाप कामासाठी दूर होते, दोन मुलं तिच्याकडे ठेवलेली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा. काकू अदबीने बोलणारी, घर चकचकीत. तिने खोलीचं दार हळूच ढकलून दाखवलं. दोन्ही मुलं एका पलंगावर झोपली होती, चादर छातीपर्यंत, नीट. फोनचं विचारलं तर काकू म्हणाली, “चेष्टा केली असेल पोरीने. फार नाटकी आहे.” बाई दारातूनच म्हणाल्या, “गाढ झोपलीत.” कागदावर तेच लिहिलं आणि खाली आल्या. सोमवारी दिवसपाळीचा माणूस शाळेत जाऊन मुलीला भेटला. ती नीट बोलली, हसली. कागद बंद झाला.

पुढच्या रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. या वेळी बाईंनी आवाज मोठा करून ठेवला, म्हणून मीही ऐकलं. पलीकडे घड्याळाची टिकटिक. मग तीच मुलगी, अगदी हळू, शिकवल्यासारखं, “आम्ही झोपलोय.” थोडं थांबली. “अकरा.” आणि फोन बंद.

भर दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, पण मला तिथून उठून घरी जावंसं वाटलं. बाई उठल्याच होत्या. म्हणाल्या, “दादा, आज तुम्ही वर चला.” तोवरच्या इतक्या वर्षांत मला वर बोलावण्याची ती पहिली वेळ.

त्या जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. रविवार असून कुणाचा टीव्ही नाही, भांड्यांचा आवाज नाही. काकू डोळे चोळत आली. तिने आम्हाला बघितलं आणि काही विचारायच्या आत म्हणाली, “झोपलीत.”

“बघते,” बाई म्हणाल्या.

“मागच्या वेळी बघितलं होतंत की.”

“दारातून बघितलं होतं.”

खोलीचे पडदे ओढलेले. भिंतीवर मोठं घड्याळ, सेकंदाचा काटा लाल. मुलं अगदी तशीच होती, मागच्या रविवारी बाईंनी खाली येऊन सांगितली होती तशी. चादर तेवढीच वर, हात तसेच सरळ. आठवडाभर कुणी हललंच नाही असं वाटावं. मी दारातच थांबलो. खोटं कशाला बोलू, माझी आत पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग मुलाकडे, मग पुन्हा मुलीकडे. मुलाचं तोंड उघडं होतं, उशीवर लाळ सांडलेली. मुलीचे ओठ मात्र घट्ट मिटलेले. खऱ्या झोपेत असं तोंड कुणी मिटत नाही.

“उठवू नका हं,” काकू माझ्या मागून म्हणाली. आवाज अजून गोडच. “उठली की दोघांचा धिंगाणा. आठवड्यातून एक दुपार मला शांतता लागते. डोकं दुखतं माझं.”

बाईंचा हात चादरीवर होता. मला माहीत आहे त्या क्षणी त्यांना काय वाटत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. वर्षानुवर्षांची सवय. उठवायचं नसतं. बाईंनी चादर बाजूला केली आणि मुलाचे खांदे धरून त्याला जोरात हलवलं.

तो उठला नाही. मान एका बाजूला कलंडली, तेवढंच.

“बाळा,” बाई मुलीला म्हणाल्या, “अकरा काय?”

मुलीने डोळे उघडले. झोपेचा मागमूस नाही त्या डोळ्यांत. तिने घड्याळाकडे बोट केलं. “लाल काटा एकदा फिरतो ना, तेवढ्यात तो वीस वेळा श्वास घेतो. मागच्या रविवारी सोळा घेतले. आज अकरा.”

मग तिने काकूकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाली, “मी दुसरं काही बोलले नाही. कुणी विचारलं तर आम्ही झोपलोय एवढंच सांगायचं. तेवढंच सांगितलं फोनवर.”

काकू रविवारी जेवणानंतर दोघांना झोपेचं औषध पाजायची. मुलगी ते गालात धरून ठेवायची आणि उशीत थुंकायची. भावाला काही ते जमेना. मग ती त्याच्याशेजारी झोपल्याचं सोंग करून पडून राहायची आणि त्याचे श्वास मोजायची. काकूचा डोळा लागला की फोनपाशी जायची. नंबर शाळेच्या वहीच्या मागे छापलेला होता.

बाईंनी औषधाची बाटली मागितली, काकूने दिली नाही, बाईंनी स्वयंपाकघरातून स्वतः उचलून आणली. रुग्णवाहिकेला वीस मिनिटं लागतील म्हणाले. बाई म्हणाल्या, “दादा, मुलाला उचला.” मी त्या पोराला घेऊन तीन जिने कसे उतरलो, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की तो फार जड होता. मागून काकू ओरडत होती, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खरा वाटत होता. तिचं पुढे जे व्हायचं ते पोलिसांनी केलं.

गाडीत मुलगी मागे बसून बाईंच्या मनगटावरच्या घड्याळात बघून मोजत होती. “दहा,” ती म्हणाली. पुढच्या मिनिटाला, “दहा.” मी सिग्नल पाळले नाहीत, कुणाला काय लिहायचं ते लिहू दे.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली बघितली, मुलाला आत घेतलं. बऱ्याच वेळाने एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, बसा आत, पण शांत बसा. बाईंनी मुलीच्या अनवाणी पायांत मोजे घातले. मधल्या मापाचे बरोबर बसले. संध्याकाळ झाली, मग रात्र. मुलगी भावाच्या पलंगाशेजारी खुर्चीवर ताठ बसून होती. डोळे लाल झालेले, पण मिटेनात.

“तू झोप,” बाई म्हणाल्या. “मी मोजते.”

मुलीने भावाच्या छातीवरची नजर हलवली नाही.

“अगं, खरंच मोजते. वचन.”

“मागच्या रविवारी तुम्ही दारातून म्हणालात, गाढ झोपलीत,” ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. “मी जागी होते. मला वाटलं, तुम्ही आत याल.”

या बाईंनी दारुड्यांना दम देताना मी बघितलंय, कोर्टात वकिलाला गप्प करताना बघितलंय. त्या मान खाली घालून म्हणाल्या, “चुकलं माझं.” मला तिथे उभं राहवेना, पण हलवेनाही.

मग बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. पोरगी ऐकत होती, एखादा आकडा सुटतो का बघत होती. चौदा झाले. नंतर पंधरा. मी बाहेर बाकावर डुलक्या काढत होतो, पण तो आवाज थांबला नाही. पहाटे मी आत डोकावलो तेव्हा बाईंचा घसा बसला होता आणि मुलगी त्यांच्या खांद्याला टेकली होती.

“किती?” मुलीने विचारलं. डोळे मिटलेले.

“एकोणीस.”

थोड्या वेळाने तिचं तोंड हळूहळू उघडं पडलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची धार बाईंच्या पदरावर आली. बाईंनी वाकून बघितलं, खूप वेळ बघितलं, हात पुढे केला आणि मागे घेतला.

त्यानंतर सात वर्षं नोकरी केली त्यांनी. ती मुलगी हे बाईंनी न उठवलेलं शेवटचं मूल.