दोष नात्यातल्या लग्नाचा नव्हता

जुलैमधला दुसरा सोमवार, सकाळचे अकरा वीस. रिपोर्ट बेंगळूरहून आलेला, तपासणीचे अठरा हजार पाचशे रुपये आधीच भरलेले. हुबळीतल्या त्या खोलीत डॉक्टरबाई, मी, माझी बायको सुनंदा आणि तिच्या मांडीवर आमचा नऊ वर्षांचा ओंकार.

"एमईसीपी-टू ड्युप्लिकेशन सिंड्रोम," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी स्पेलिंग विचारून फायलीवर लिहून घेतलं.

अर्थ असा. एक्स नावाच्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा ओंकारमध्ये एकदाऐवजी दोनदा आला आहे. कमी पडल्यावर बिघडतं हे मला ठाऊक होतं. जास्त झाल्यानंही बिघडतं, हे तेव्हा कळलं.

ओंकारनं मान धरली आठव्या महिन्यात. चालला चार वर्षांचा झाल्यावर. बोलत नाही. न्यूमोनिया सात वेळा, गेल्या वर्षापासून फिट्स. प्रत्येक नव्या डॉक्टरांनी विचारलं, लग्न नात्यातलं का? हो. सुनंदा माझ्या सख्ख्या मामाची मुलगी, आमच्याकडे ही रीतच. ते लिहून घ्यायचे आणि आम्ही समजायचो, कारण सापडलं. आई म्हणायची, "मीच हट्टानं भावाची पोर करून आणली. माझंच चुकलं की रे." नऊ वर्षं हेच.

म्हणून थोरल्या मुलीला, प्रज्ञाला, स्थळं बघताना माझी एकच अट होती : नात्यातलं नको. बेळगावचा विनायक मिळाला, लग्न डिसेंबरात ठरलं. माझ्या दृष्टीनं काळजी मिटली होती.

"नात्यातल्या लग्नाचा काही आजारांशी संबंध असतो, ह्याच्याशी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे बहुतेक मुलांना आईकडून येतं. बाईला दोन एक्स असतात, त्यामुळे तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही."

सुनंदाचं रक्त दिलं. तीन आठवड्यांनी कळलं, ती कॅरिअर. म्हणजे स्वतः ठणठणीत, पण तो तुकडा तिच्यात आहे. मग प्रज्ञामध्येही असण्याची शक्यता निम्मी. असला, तर तिला होणाऱ्या प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी. नवरा नात्यातला असो की बेळगावचा.

मळमड्डीतल्या घरी येऊन हे सांगितलं. सुनंदा आईला म्हणाली, "आत्या, इतकी वर्षं दोष तुम्ही घेतलात. आता माझ्याकडे द्या."

"गप बस," आई म्हणाली. "आता कुणालाच द्यायचा नाही तो."

मी तारिहाळच्या कारखान्यात हिशेब बघतो. त्या आठवड्यात एकच बेरीज चारदा केली आणि चारदा वेगळी आली. खरं सांगतो, मनात आलं, प्रज्ञाची तपासणीच नको. कळलंच नाही तर बेळगावला सांगायला नको. डॉक्टरबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "ती सज्ञान आहे. करायची की नाही ते ती ठरवेल. रिपोर्टही तिलाच मिळेल."

प्रज्ञानं सगळं ऐकलं आणि उठून विनायकला फोन लावला. मी दारातून हललो नाही.

"अप्पा, बसा की. तो काही फोनमधून पळून जात नाही."

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना एवढंच सांगतो. ह्यावर औषध अजून नाही. ओंकारला फिट्सच्या गोळ्या आणि फिजिओथेरपी चालू आहे. ताप आणि धाप एकत्र दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आम्ही नऊ वर्षं दोष भलत्या जागी शोधला, तसा शोधत बसू नका.

काल प्रज्ञाचं रक्त दिलं. विनायक पहिल्या बसनं आला होता. मी सहा हजार मोजून पाकिटात घालून नेले होते.

"राहू द्या, अप्पा," प्रज्ञा म्हणाली. "हा कागद तुमच्या फायलीत लागायचा नाही."

काउंटरवर तिनं तीन हजार दिले, विनायकनं तीन हजार. पावती तिच्या नावाची. रिपोर्टला तीन आठवडे आहेत, आणि त्यात काय आहे ते ती सांगेल तेव्हा मला कळेल.

मी दिले ते पार्किंगवाल्याला, दहा रुपये.