तामियाचा पक्का प्रोग्राम

फटफटीवरून डोंगर पाहायला जायचे प्रोग्राम मी जितके आखले, तितके सौंसर तहसिलीत कुणी आखले नसतील. त्यातले पार किती पडले, ते विचारू नका. फटफटी कामठीच्या छावणीतली, लिलावात घेतलेली. लढाईत तिनं काय पाहिलं देव जाणे, पण थंडीत ती माझ्याआधी खोकायची. तिच्या भरवशावर मी कचेरीतल्या नकाशावरून वाटा उतरवून घ्यायचो. रामाकोना सात वाजता, सिल्लेवानीचा घाट साडेसातला, छिंदवाड्यात चहा आणि अकराच्या आत तामिया. तिथं उभं राहिलं की खाली दरीच दरी दिसते. दिसते म्हणे, मी कुठं पाहिली होती? पण सांगायचो अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं, दरी यानंच खोदली.

ऐकणारा एकच होता, शेजारच्या टेबलावरचा माझा दोस्त. मूळचा वर्ध्याकडचा, आईबाप लहानपणीच गेलेले, वसतिगृहात वाढलेला. छप्पन साली राज्यांची नव्यानं वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, राजधानी भोपाळला गेली, अन् सरकारी नोकरांच्या याद्या निघाल्या. त्याचं नाव मुंबईच्या यादीत. नेमणूक पार रत्नागिरीकडं, महिन्याभरात हजर व्हायचं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी प्रोग्राम आखतो. हा जायच्या आत याला तामिया दाखवायचंच, असं ठरवलं. हातात तीन रविवार होते.

आमच्याकडं घाट चढणं सोपं, सोयरा ओलांडणं कठीण. ‘दारावरून गेला अन् पाणीबी नाही पेला’, हे एकदा कुणी म्हटलं की पुढच्या तीन लग्नांत ऐकून घ्यावं लागतं. माझी आत्या रामाकोन्याला, घर अगदी सडकेवर. पण सकाळी सातला कोण सडकेवर येऊन बसतं? जोरात काढू गाडी, असं मी दोस्ताला सांगितलं.

पहिल्या रविवारी आत्या सडकेच्या मधोमध उभी होती. “उतरा,” ती म्हणाली, “भरीत-भाकर झाली हाय.” जेवण झालं, मग संत्र्याचा बगिचा दाखवून झाला, मग आतोबांनी बाज टाकून दिली. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती.

दुसऱ्या रविवारी मी तामियाची दिशाच सोडली. पांढुर्ण्यावरून तिगावच्या पुढचा घाट चढायचा, मुलताईकडचे डोंगर पाहायचे. डोंगर तो डोंगर. तिगावात मोठी बहीण होती, तिला चुकवायला गावाबाहेरून जाणारी बैलगाडीची वाट शोधून काढली. जाताना जामसांवलीच्या मारुतीला नारळही फोडला. त्या वाटेच्या तोंडाशी आमचे भाऊजी बाज टाकून बसले होते. “लवकर आले,” म्हणाले, “आम्ही आठची वाट पाहून राहिलो होतो.” दोस्त बहिणीच्या सासूशी दिवसभर गप्पा ठोकत बसला. मी अंगणातून डोंगराकडं पाहत दात कोरत होतो.

घरी येऊन मी बायकोवर तोंड सोडलं. निरोप तूच धाडतेस, म्हटलं. ती म्हणाली, “तुमची फटफटी अर्ध्या तालुक्याले ऐकू जाते. निरोप कायले पाहिजे?” मग चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, अन् त्या चार दिवसांत मला बिनमिठाचं वरण मिळालं.

तिसऱ्या रविवारचा बेत मी फक्त दोस्ताला सांगितला, तोही शनिवारी दुपारी कचेरीत, दबक्या आवाजात. रविवारी उजाडता उजाडता निघालो. आत्या पुन्हा सडकेवर.

या वेळी रोडगे होते. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. गोवऱ्या पेटवा, निखारा पडू द्या, मग रोडगे लावा. घटकाभरात होणारं काम नाही ते. म्हणजे आत्याला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. अन् बेत ठाऊक असलेली माणसं जगात दोनच होती. त्यातला मी एक. कचेरीत माझ्या हुशारीचं नाव होतं, तरी मला हे तिसऱ्या रविवारी, दुसऱ्या रोडग्याला कळलं.

“तूच बे?” मी म्हटलं.

दोस्तानं मान खाली घातली. “शनिवारी गावोगावचे कोटवार गावची वर्दी द्यायला तहसिलीत येतात ना, त्यायच्या हाती निरोप धाडत होतो.” मग रोडगा कुस्करत म्हणाला, “डोंगर तिकडंबी आहेत. पण ‘जेवल्याबिगर नको जाऊ’ म्हणणारं तिकडं मले कोण आहे?”

मी रागीट माणूस. तोंड उघडलं, पण त्यात रोडगा होता. तो गिळेपर्यंत राग गेला अन् मला रडू यायला लागलं. वांग्याची भाजी फार तिखट झाली म्हणून मी डोळे पुसले. आत्यानं गुळाचा खडा आणून दिला. घरी जाऊन बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, “चार दिवसांचं वरण वाया गेलं.”

दोस्त रत्नागिरीकडं गेला. संक्रांत झाल्यावर मी एकटाच तामियाला गेलो. येताना थांबतो, असा निरोप या वेळी मीच कोटवाराच्या हाती आत्याला धाडला होता. दरी खरंच तशी होती, मी सांगायचो त्याहून मोठी. बाजूला कुणी नव्हतं, म्हणून पाच मिनिटांत पाहून झाली.

रामाकोन्यात आत्यानं दोन ताटं मांडली होती. “तो कुठं हाय?”

“आत्या, बदली झाली ना त्याची.”

“बदली झाली तं रविवारी येता येत नाही काय?” राज्य बदललं, हे मी तिला नकाशा काढून समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं अन् दहा रोडगे फडक्यात बांधून दिले. “मंग पोस्टानं धाड त्याले.”

अन् मी धाडले. सोबत तामियाच्या दरीचं वर्णन, चार पानं, दोन्ही बाजूंनी.

पंधरा दिवसांनी त्याचं कार्ड आलं. रोडग्यांचे दगड झाले होते, खलबत्त्यात कुटून गुळासंग खाल्ले, आत्याला सांग, असं लिहिलं होतं. दरीबद्दल एक अक्षर नव्हतं.