संचा सोडून जायचं नाही

आमच्या घरात नवस बोलायचं काम आईचं आणि फेडायचं काम सगळ्यांचं. मी चौथीत होते तेव्हा सुरतेच्या उधन्यात लूमच्या कारखान्यात, आम्ही त्याला खातं म्हणतो आणि मागाला संचा, आप्पांच्या शेजारच्या संच्यावरचा धोटा उडाला आणि त्यांच्या भुवईवर आदळला. लाकडाचा, टोकाला लोखंड लावलेला तो धोटा दोन बोटं खाली लागता तर माझ्या बापाचा डोळा गेलाच होता. दवाखान्याच्या बाकावर बसून आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथल्या कॅलेंडरवर बर्फातलं केदारनाथाचं देऊळ होतं. जो देव समोर दिसला त्याला ती बोलून गेली, डोळा वाचू दे, आम्ही दोघं जोडीनं, पायी तुझ्या दारात येऊ. डोळा वाचला. कॅलेंडरवर सप्तशृंगीची आई असती तर आमचा नवस एका दिवसात फिटला असता, हे मी तिला आजवर शंभरदा तरी ऐकवलं असेल.

वीस-पंचवीस वर्षं नवस तसाच राहिला. आधी सुट्टी मिळायची नाही, मग माझं शिक्षण, मग जुने संचे भंगारात गेले आणि आप्पा घरी बसले. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते आपणहूनच म्हणाले, "केदार पाहाना राहीच गया." मी साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचं काम करते, मोबाइल हातातच असतो. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मी हरिद्वारच्या गाड्या बघायला लागले होते.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पिशव्या पंधरा दिवस आधी भरल्या, आणि मग रोज काहीतरी काढायला त्या उघडल्या. शेजारच्या गुजराती काकींनी ठेपले दिले, आईनं दशम्या केल्या. केदाराच्या पिंडीला तूप चोळतात असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, म्हणून गावाकडून मागवलेल्या तुपाची एक स्टीलची डबी निघाली. अडचण आली ती स्वेटरची. सुरतेत कापडाला तोटा नाही, पण गरम कपडे कुणाच्या घरात असतात? आप्पांना एक लाल माकडटोपी मिळाली. मी जॅकेट आणलं. आईनं मात्र कशालाच हात लावला नाही. तिचा बेत वेगळाच होता, तो आम्हाला गौरीकुंडला, पायी चढ सुरू होतो तिथं, कळला. तिनं एकावर एक दोन साड्या नेसल्या होत्या. दोन्ही सिंथेटिक, दोन्ही सुरतेच्या. "दोन पदर म्हन्जे दुप्पट ऊब," असा तिचा हिशेब. पहिल्या चढालाच आतली साडी बाहेरच्या साडीला चिकटली आणि दर दहा पावलांवर ती थांबून निऱ्या आवरायला लागली. मी हसून हसून बेजार झाले, तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

पहाटेच निघालो होतो. उजाडलं तेव्हा दरीच्या एका अंगाला काळे कडे, त्यांच्या माथ्यावर बर्फ, आणि खाली मंदाकिनी दगडांवर आपटत चाललेली. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. तापी मी रोज पुलावरून बघते, पण ती सुरतेत येईपर्यंत दमलेली असते. इथं पाणी गर्जत होतं. त्यात खेचरांच्या घुंगरांचा आवाज, घोडेवाल्यांच्या आरोळ्या, डोक्यावरून जाणारी हेलिकॉप्टरं. मी आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे तेव्हा कुठे तिला अर्धं ऐकू जायचं.

आप्पा मात्र खुशीत होते. खात्यात चाळीस-पन्नास संचे एकदम धडधडत असतात, तिथं तोंडानं कुणी बोलत नाही. सगळं हातानं चालतं. पंजा हवेत गोल फिरवला की चालू दे. तळहात उभा धरला की संचा बंद. चिमटीत धागा पिळल्यासारखं केलं की तुटलेला धागा जोडला. त्या धडधडीत आयुष्य गेलं आणि आप्पांचे कान मंदावले, त्यामुळे घरीही ते हातांनीच जास्त बोलत. आणि इथं सगळी दुनियाच त्यांच्या कानांइतकी बहिरी झाली होती. ते चहावाल्याला बोटांनी तीन चहा सांगत, खेचरवाल्याला तळहात उभा करून अडवत, आणि सगळ्यांना ते कळत होतं. इतके बोलके आप्पा मी कधी पाहिले नव्हते.

या हातांवरून एक गोष्ट मला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी सातवीत असताना ते मला शाळेत सोडायला आले होते. रस्त्याच्या पलीकडून त्यांनी पंजा फिरवला, जा, चालू दे. माझ्या मैत्रिणींनी त्यांची नक्कल केली. घरी आल्यावर मी त्यांना म्हणाले, माझ्या शाळेसमोर हात करू नका. दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही हात खिशात घालून उभे राहायचे. मी कधी माफी मागितली नाही. त्या खुणा मला सगळ्या येत होत्या, पण मी स्वतः कधी हात उचलला नाही.

अर्धी वाट झाल्यावर आप्पांचा श्वास लागायला लागला. वीस पावलं चालायचे, काठी टेकून उभे राहायचे. मी खेचराचं विचारलं तर म्हणाले, "पायीच जासूत." वाटेवरचा पोलीस सांगत होता की हवा बिघडतेय, दोन वाजल्यानंतर वरच्या नाक्यावरून कुणाला पुढे सोडणार नाहीत. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. राग तसाही माझ्या नाकावर असतोच, त्यात ही घाई.

एका वळणावर टपरी होती. आप्पा कठड्याशी टेकले, मी आणि आई चहा आणायला गेलो. तेवढ्यात धुकं उतरलं आणि तीस-चाळीस खेचरांची रांग आमच्या आणि त्यांच्या मधून गेली. ती सरली तेव्हा कठड्याशी आप्पा नव्हते. त्यांचा मोबाइल भिजू नये म्हणून आईनं आपल्या पिशवीत ठेवलेला.

"पुढे गेले असतील," मी म्हणाले. "चल लवकर, गाठू."

आई हलेना. "त्या पुढे गयेल नहीत."

"तुला काय माहीत?"

"मन्हा माणूस शे, मले माहीत नही? संचा सोडीसन कथा जातीन त्या?"

खात्यातला नियम होता तो. धागा तुटला की कारागीर जागेवर थांबतो, संचा सोडून हिंडत नाही. पण मला तेव्हा कुठला नियम सुचतोय? मी तिचा हात धरला आणि अक्षरशः ओढत वर नेली. अर्धा-पाऊण तास आम्ही चढत होतो. लाल टोपी दिसेल त्या प्रत्येक माणसाला मी खांद्याला धरून फिरवत होते. आप्पा नव्हते. हे सगळं मी केलं, गाडी मी काढली, घाई मी केली, आणि आता या डोंगरात माझा बाप एकटा धापा टाकत कुठंतरी बसलाय. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात धुकं फाटलं. आम्ही वळणाच्या वरच्या अंगाला होतो, खालची वाट सरळ दिसत होती. तीन वळणं खाली, त्याच टपरीच्या मागच्या दगडावर, खेचरांच्या वाटेतून सरकून, लाल टोपी बसलेली. मी "आप्पा" म्हणून घसा फोडला. एकानंही वर पाहिलं नाही.

आईनं मला बाजूला केलं. कठड्यावर चढली, दोन साड्यांसकट, आणि तिनं डावा तळहात आडवा धरून त्यावर उजवा हात वाटीसारखा पालथा ठेवला. ती खूण मी विसरूनच गेले होते. डबा आला. मी लहान असताना ती दुपारी खात्याच्या खिडकीच्या गजांशी जाऊन उभी राहायची, हीच खूण करायची, आणि पन्नास संच्यांमधून आप्पा वर बघायचे.

त्यांनी आताही वर पाहिलं. आधी उभे राहिले, मग पंजा हवेत गोल फिरवला. चालू दे. म्हणजे तुम्ही जा, दर्शन घ्या, माझं काही नाही. मी घड्याळ पाहिलं. आम्ही दोघी आत्ता निघालो तर नाक्यावर वेळेत पोचत होतो. खाली उतरून त्यांच्या चालीनं परत चढायचं म्हणजे कठीण होतं.

आईनं तळहात उभा धरला. संचा बंद. आणि ती उतरायलाच लागली. कमावलेला चढ ती भराभर खाली देऊन टाकत होती. मी मागून म्हणत होते, अगं आई, नाका बंद होईल, इतक्या वर्षांचा नवस आहे. ती वळलीसुद्धा नाही. "जोडीनं बोलेल शे," एवढंच म्हणाली.

खाली पोचलो तेव्हा आप्पांनी तिच्याकडे बघून चिमटीत हवेतला धागा पिळला आणि हसले.

मग आम्ही तिघं त्यांच्या चालीनं चढलो. वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. आईनं वरची साडी सोडून त्यांच्या छातीला गुंडाळली. नाक्यावर पोचलो तेव्हा पोलीस दोर लावायच्या तयारीत होता. त्यानं आप्पांकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि दोर हातात धरून आम्हाला आत घेतलं. मी उड्या मारायचंच बाकी राहिलं होतं.

शेवटच्या चढावरून देऊळ दिसलं. मागे उन्हात पेटलेलं बर्फ आणि पुढे ते दगडी देऊळ, कॅलेंडरवर होतं अगदी तसंच. आईनं आप्पांच्या भुवईवरच्या व्रणाला हात लावला आणि मग दोघांनी एकदमच हात जोडले. संध्याकाळच्या रांगेत उभे राहून त्यांनी जोडीनं दर्शन घेतलं. त्या वेळी पिंडीला हात लावू देत नव्हते, तुपाची डबी तशीच राहिली, आणि थंडीनं तूप दगडासारखं झालेलं.

बाहेर पडताना गर्दीचा लोंढा आला आणि मी एकटीच देवळाच्या दुसऱ्या अंगाला फेकली गेले. घंटा, डमरू, जयजयकार. पुन्हा धुकं. माझे पाय आपोआप धावायला निघाले होते, ते मी रोखले. एक दगड बघितला, त्यावर चढले आणि तिथंच थांबले.

थोड्या वेळानं धुक्यात लाल टोपी दिसली. मध्ये शेकडो माणसं होती. मी हात वर केला, चिमटीत धागा धरला आणि सगळ्यांच्या देखत पिळला.

आप्पांनी मला पाहिलं. मग त्यांनी खिशातून दोन्ही हात काढले. डावा तळहात आडवा, त्यावर उजव्या हाताची वाटी. शेजारी आई दशम्यांचं फडकं सोडून त्या दगडावर मांडत होती आणि तुपाची डबी पदरात धरून वितळवत होती.

डबा आलाय, ये.