उपाशी पेशंट आणि खानझोडे सर

खानझोडे सरांबरोबर एमआरआयच्या खोलीत काम करणं म्हणजे स्वतःचा रक्तदाब वाढवून घेणं. बाहेर बाकांवर सकाळपासून उपाशी बसलेले पेशंट, रिसेप्शनची मुलगी दारातून डोळे वटारतेय, आणि सर दोन्ही हातांत हनुवटी धरून पडद्यावरच्या एकाच चित्राकडे बघत बसलेले. मी काही बोलायला गेले की ठरलेलं उत्तर, "थांब ना वं. काहून घाई करून राहिली? गाडी सुटून राहिली का तुही?"

सर आमच्या सेंटरचे सगळ्यात जुने रेडिऑलॉजिस्ट, मी त्यांची ज्युनिअर. रिपोर्ट त्यांनी वेळेवर कधी दिला नाही, आणि सर्जनांच्या शिव्या खायला मी होतेच. "सर बघताहेत" हे मी झोपेतही म्हणते, असं माझा नवरा सांगतो.

काटोलकडच्या सुशीलाबाईंना दोघांनी धरून आणलं, तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. त्यांच्या पायांतली ताकद उतरत चालली होती. मणक्याला लागून एक गाठ होती आणि ती मज्जारज्जू दाबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलेलं. नसेच्या आवरणाची अशी गाठ आम्ही नेहमी बघतो, म्हणून मी रिपोर्ट लिहायला घेतला. कोणीही तेच लिहिलं असतं. आजही लिहील.

"बाईले उठवू नको," सर म्हणाले.

गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन झालं होतं, चित्रंही निघाली होती. सरांनी थोडं थांबून पुन्हा काढायला लावली. मग पुन्हा थांबले. बाहेर आवाज चढायला लागला.

"सर, लोक चक्कर येऊन पडतील!"

"पडू दे ना. दवाखान्यातच हायेत ते."

मी हात जोडायचीच बाकी होते. तेवढ्यात त्यांनी माझी खुर्ची पडद्याकडे ओढली. आधी एका कोपऱ्यात उजळलेली गाठ आता जवळजवळ सगळी उजळली होती.

"पाह्य, कशी हळूहळू भरून राहिली. नसेची नाही वाटत मले. रक्ताच्या नळ्यांचा गुंता हाये हा."

अशी गाठ साधीच असते, पण त्या जागी क्वचित सापडते. नसेची समजून सर्जन तिच्या आत शिरला असता, तर त्या चिंचोळ्या जागेत रक्त आवरलं नसतं आणि बाईंचे पाय कायमचे गेले असते. सरांनी स्वतः फोन लावला. "तुकडे करू नको गा. चारी बाजूनं सोडव, अख्खी काढ. अन् रक्त मंगवून ठेव." बाहेर बाईंचे यजमान दाराशीच उभे होते. "साहेब, कॅन्सर तं नाही ना?" "नाही गा," सर म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

गाठ अख्खी निघाली आणि तपासणीत सरांचंच खरं ठरलं. मला आनंद झाला आणि चीडही आली, कारण आता हा माणूस कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हता.

सर निवृत्त व्हायच्या आठवड्यात सुशीलाबाई संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. सरांनी त्यांनाही ताटकळत ठेवलं. मला लाज वाटली, मी खुर्ची दिली.

"नको वं डॉक्टरीणबाई. बसून-बसून जीव उबला माहा. उभीच राह्यते."

सर एकदाचे बाहेर आले. "कोण हो बाई तुम्ही?" चेहरा त्यांच्या लक्षात कधीच नसायचा.

बाईंनी सरळ पाठ फिरवली. "हे पाहा. आता वळखसान."

सर हसले. डोळे भरले होते त्यांचे. "चालून दाखवा बरं."

बाई कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पाय कुठेही अडखळला नाही. बाकांवरचे उपाशी पेशंट आता उघड ओरडत होते, रिसेप्शनची मुलगी माझ्या नावानं हाका मारत होती, आणि सर भिंतीला टेकून बाईंना सांगत होते, "अजून एकदा. पण हळू."