हंड्याबाहेरची माती

परवा पितळी हंडा चिंचेनं घासताना तो आंबट, धातूचा वास आला आणि मी थेट आमच्या तंजावूरच्या परसात, ताईच्या लग्नाच्या आदल्या दुपारी जाऊन पोचले.

मी तेव्हा कॉलेजात गणित शिकत होते. एवढ्या हंड्यात पायसम पुरेल का, याची सगळ्यांना काळजी होती. वरपक्षासमोर कमी पडलं असतं तर शोभाच झाली असती. मी म्हटलं, मी मोजते. तळापासून गळ्यापर्यंत चार-चार बोटांच्या अंतरावर हंड्याभोवती सुतळी गुंडाळून घेर घेतले, हंड्याच्या गोल चकत्या कल्पून त्यांची घनफळं मिळवली आणि ऐटीत सांगितलं, "पन्नास लिटर. पुरेल."

स्वयंपाक सांभाळणाऱ्या आत्यानं हंड्यात कोपरापर्यंत हात घातला. "नाही गे, इतकं नाही मावायचं. दुसरा हंडाही काढ."

मला राग आला. दोन-दोन बोटांच्या पातळ चकत्या धरून मी पुन्हा मोजलं. उत्तर जवळजवळ तेच आलं. वही तिच्यापुढे नाचवली, तशी तिनं हंड्याला नख लावलं. वाळलेल्या मातीचा पोपडा गळून पडला. चुलीवर काळा पडू नये म्हणून सकाळी तिनंच हंडा बाहेरून बोटभर लिंपला होता. माझी सुतळी दोन्ही वेळा त्या मातीवरूनच फिरली होती.

"मातीत का पायसम शिजतं गे?" ती हसली.

आता मी गणित शिकवते. आत्या राहिली नाही. घासलेल्या हंड्यात परवा मी कोपरापर्यंत हात घालून पाहिला. किती मावेल, काही कळलं नाही.