ऑपरेशनचं केळवण

माझी आई झोपेत गेली. घोरत होती, मधेच घोरणं थांबलं, आणि शेजारी झोपलेल्या मावशीला वाटलं, चला, लागली बिचारीला शांत झोप. सकाळी चहाला हाक मारली तर आई गार. मी तेव्हा शाळेत जायच्या वयाची. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, नवऱ्यानं टाकलेली, आमच्याकडंच राहायची. त्या दिवसापासून तिनं मला पोटाशी धरलं. आता मावशीच्या भाषेत पोटाशी धरायचं म्हणजे पोटभर खाऊ घालायचं. ताटात भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. नको म्हणलं की म्हणायची, घे, तुला माझी शपथ. आईवेगळ्या लेकरानं शपथ कशी मोडायची? घेत गेले. आईच्या अंगलोटावर गेले, आणि पुढं आईच्याही पुढं गेले. माझं लग्न झालं तर मावशीबी माझ्या मागोमाग राहायला आली.

मी अंगणवाडी सेविका. शिरूर कासारच्या अलीकडं आमचं गाव. माझं कामच मुळी वजनं करायचं. ऊसतोडीहून आलेल्या बायांची पोरं झोळीच्या काट्याला टांगायची, काटा वर गेला की आईला शाबासकी, खाली आला की आईला बोलणी. एकदा वरून आलेल्या सुपरवायझर बाई सगळ्यांदेखत म्हणल्या, का हो बाई, पोरांचा आहार तुमीच खाता की काय? सगळ्या हसल्या. मीबी हसले. हसायचं नाहीतर काय करायचं? घरी येऊन उखळापाशी बसून रडले आणि रडता रडता मावशीनं पुढं केलेला लाडू खाल्ला. हे असं आमचं.

पण लोकांच्या बोलण्यानं कुणी मरत नाही. मला मरणाचं भ्या वाटायला लागलं ते घोरण्यानं. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. घोरता घोरता माझा श्वास थांबायचा आणि मावशी मला गदागदा हलवायची. नवरा ट्रॅक्टरवर असतो, माणूस चांगला, पण त्याला झोप अशी की छप्पर उडालं तरी कूस बदलणार नाही. मावशीची मात्र एकदा शांतता ऐकून चूक झाली होती, तिला ती परत करायची नव्हती. शेवटी मी खुर्चीत बसून झोपायला लागले. पायांना सूज, मानेला कळ, दिवसा अंगणवाडीत पोरांआधी मलाच डुलकी. माझी पोरगी तेव्हा, मी आईवेगळी झाले त्याच वयाची. मला बारीक व्हायचं नव्हतं हो. मला आडवं झोपायचं होतं आणि सकाळी उठायचं होतं. एवढंच.

बीडला एका खाजगी दवाखान्यात वजनाचं ऑपरेशन करणारे एक सर्जन बाहेरून महिन्यातनं एकदा येतात, असं कळलं. मावशीला घेऊन गेले. आत शिरल्या शिरल्या एक गोष्ट बघितली, तिथल्या खुर्च्यांना हात नव्हते. आजवर कुठंबी गेले तर खुर्चीत बसायचं म्हणजे कमरेला कचका, उठताना खुर्ची सोबत उठायची. इथं मी पहिल्यांदा ऐसपैस बसले. शेजारी पांढऱ्या कपड्यातले एक पुढारी बसलेले, भोवती दोन कार्यकर्ते, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं सांगत होते की साहेब बीपी दाखवायला आलेत. वजनाच्या डॉक्टरकडं बीपी! मला त्या सगळ्यात तेवढं एकच हसू आलं.

काउंटरवर एक मॅडम होत्या. तारीख देणं, फोन करणं, काय खायचं ते सांगणं, सगळं त्याच बघायच्या. चेहरा असा की दुधात टाकला तर दूध नासावं. हसणं माहीतच नाही. मी म्हणलं, माझं वजन घरीच करून आणलंय. त्या म्हणल्या, इथल्या काट्यावर उभं राहिल्याशिवाय आत जाता येणार नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. गावभरच्या पोरांची वजनं मी करते आणि ही मला काटा शिकवणार? पण उभी राहिले. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला नाही, तेवढं खरं.

सर्जन कमी बोलणारे. त्यांनी पोटाकडं बघितलंच नाही. विचारलं, झोपता कशा? मला एवढं रडू फुटलं की मावशीनंच सगळं सांगितलं, खुर्चीचं, आईचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग समजावलं की पोटाची पिशवी कापून लहान करायची, मग जेवण आपोआप कमी होतं आणि वजन उतरलं की श्वासाला वाट मिळते. पण त्याआधी दोन आठवडे निव्वळ पातळ प्यायचं. ताक, वरणाचं पाणी, त्यांनी दिलेली पावडर. कारण लिव्हर पोटावर पसरलेलं असतं, त्यात चरबी भरलेली असते, ते आटलं नाही तर त्याच्याखालच्या पोटाच्या पिशवीपर्यंत हात पोचत नाही. काउंटरवरच्या मॅडमनी तेच परत सांगितलं, आणि म्हणल्या, रोज फोन करीन.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, कापायचंय पोट आणि जपायचं लिव्हर, कशापायी? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मलाबी ते तसंच वाटलं. उगं कशाला खोटं सांगू?

आता खरी गंमत ऐका, गंमत कसली, करम. मावशीनं बातमी लिंबागणेशच्या माझ्या आत्याला सांगितली. आत्या म्हणाली, म्हणजे पोरगी आता जन्मात पोटभर जेवणार न्हाई? लग्नाआधी पोरीचं केळवण करतो आपण, हे तर त्याच्याहून मोठं. तिनं मला बोलावलं, पाटावर बसवलं (पाटानं कसं सोसलं देव जाणे), भोवती रांगोळी, पुरणपोळी, गुळवणी, वर तुपाची धार. ओटी भरली. सगळ्यांच्या डोळ्यात पाणी. मी म्हणलं, आत्या, मला पातळच प्यायचंय. ती म्हणाली, गुळवणी पातळच हाय की.

एकीनं केलं म्हणल्यावर दुसरी कशी मागं राहील? दिंद्रूडच्या मामींनी बोलावलं, त्यांच्या जावेनं बोलावलं, आमच्या भावकीतल्या बायांनी बोलावलं. जिनं बोलावलं नाही तिनं डबा पाठवला. एकीकडं न जावं तर कायमचा रुसवा. ज्या बाया माझ्या मागं माझ्या ढेरीला हसायच्या, त्याच मला घास भरवत रडत होत्या. मॅडमचा फोन यायचा तो नेमका ताट पुढं असताना. आज काय घेतलं? मावशी माझ्या हातातनं फोन घ्यायची आणि सांगायची, ताक घेतलं बघा. खोटं नव्हतं. ताकबी घेतलेलं असायचं.

तुम्ही म्हणाल, तोंड तर तुझं होतं. होतंच. पण मला वाटायचं, आता एवढे दिवस, मग हे सगळं संपलंच. फाशीच्या कैद्यालाबी शेवटचं विचारतात. आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं. जन्मात कुणी माझ्या खाण्याचं असं कौतुक केलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. म्हणजे मला वाटलं झालं. शुद्ध आली तर पोटावर पट्ट्या, मावशी उशापाशी, तिचे हात जोडलेले. मी म्हणलं, झालं का गं? ती म्हणाली, झालं, वाचलीस बाई. तेवढ्यात सर्जन आले. पलंगापाशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ऑपरेशन झालेलं नाही. दुर्बीण घातली, पण लिव्हर एवढं मोठं होतं की पोट दिसलंच नाही. जबरदस्ती केली असती तर तुम्ही टेबलावरच गेला असता."

मला आधी कळलंच नाही. भोकं पाडली, टाके घातले, आणि आत काहीच नाही? मावशी वेड्यासारखी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांनी विचारलं, दोन आठवडे काय खाल्लं? मी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. ते म्हणाले, अशा पेशंटला मी परत टेबलावर घेत नाही. आणि गेले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मग मी भांडले काउंटरवरच्या मॅडमशी. टाके धरून उभी राहिले आणि म्हणलं, तुमच्या दवाखान्याला माणसाच्या जिवाची किंमत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणल्या, मी रोज फोन करत होते, ताई. बस, एवढंच. त्या पुढं काही बोलल्या असत्या तर मी त्यांचं थोबाड फोडलं असतं, आणि मग स्वतःचं.

घरी आले आणि परत खुर्ची. टाक्यांमुळं बसवत नव्हतं, आडवं होववत नव्हतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. बाया बघायला आल्या. म्हणल्या, देवानंच माघारी धाडलं, कशाला चिरफाड, खा आता सुखानं. आत्या डबा घेऊन आली. मला वाटायला लागलं की असंच मरायचं आपल्याला, आईसारखं, आणि ह्या बाया तेराव्यालाबी असंच पोटभर करतील. पोरगी शाळेतनं आली की आधी माझ्या छातीकडं बघायची, हलतीय का नाही. तिनं बोलून दाखवलं नाही कधी. पण मला कळायचं, कारण आई गेल्यावर मावशी झोपली की मीबी तिच्या छातीकडं तसंच बघायचे.

एका दुपारी मावशी शिरा घेऊन आली. घे थोडा, म्हणाली, तुला माझी शपथ. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मावशी, आईच्या येळी तू झोपली व्हतीस. मला तू जागेपणी मारतीयास."

बोलून गेले. तिच्या हातातली ताटली तशीच राहिली. ती आत गेली. मला वाटलं रडत असंल. मी ऐकायला लागले तर ती माझ्या फोनवरनं दवाखान्यात बोलत होती. मॅडमना सांगत होती की ताक म्हणून खोटं मीच सांगितलं, पोरीचा दोष न्हाई, तिची आई अशीच गेली, डॉक्टरला म्हणावं शिव्या मला द्या पण तिला घ्या. पलीकडनं काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून मावशी म्हणाली, बाई डॉक्टरला इचारते म्हणली.

त्या दूध नासवणाऱ्या बाईनं खरंच विचारलं. एकदा नाही, सर्जन यायचे तेव्हा दर वेळी. शेवटी मॅडमचा फोन आला की सर्जन मला घ्यायला तयार झालेत, पण या वेळी नुसतं सांगून चालणार नाही, जे प्याल त्याचा रोज फोटो पाठवायचा, आणि आधी सोनोग्राफी करणार, लिव्हर आटलं नसंल तर दारातनंच परत. मी म्हणलं, फोटो पाठवीन हो, पण ह्या बायांचं काय करू? यांना लिव्हर कळत नाही. मॅडम म्हणल्या, मग त्यांना जे कळतं ते सांगा.

त्यावर मावशी विचार करत बसली. आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला रिक्षात घालून लिंबागणेशला नेलं. गणपतीपुढं उभं केलं आणि माझ्याकडनं नवस बोलून घेतला, की ऑपरेशन होईस्तोवर दातानं चावायचं काही तोंडात घालणार नाही. तिथनं तशीच आत्याच्या घरी. आत्यानं ताट वाढलं होतं. मावशी म्हणाली, तिनं गणपतीला शब्द दिलाय. आत्यानं मुकाट्यानं ताट उचललं. एवढा मोठा डॉक्टर सांगून थकला, त्याचं कुणी ऐकलं नाही, पण नवस मोडायला लावायची कुणाची छाती झाली नाही. गावात ज्या बाया घास घेऊन मागं लागायच्या, त्याच आता म्हणायला लागल्या, तिच्यापुढं खाऊ नगा गं. मला भुकेनं चक्कर यायची, रडायचे, ताकाचा वास आला तरी उमासे यायचे. मावशी ताकाच्या पेल्याचा फोटो काढायची, त्यात दर वेळी तिचा अंगठा यायचा. मॅडम उत्तराला एक शब्द लिहायच्या, ठीक.

या वेळी ऑपरेशन झालं. सर्जननी स्वतः येऊन सांगितलं आणि मावशीनं त्यांना दोनदा विचारून घेतलं. संध्याकाळपर्यंत माझ्या घशात काटे उभे राहिले. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. उद्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असं सांगून नर्स बाहेर गेली. खोलीत मी आणि मावशी. उशापाशी तिची पाण्याची बाटली. मी म्हणलं, मावशी, एक घोट. तिनं ऐकलंच नाही असं केलं. मी परत म्हणलं. मग मी तेच केलं जे तिनं मला जन्मभर केलं होतं.

"एकच घोट दे. तुला माझी शपथ."

मावशीचं तोंड वाकडं झालं. तिनं कापूस ओला केला, पिळून पिळून कोरडा केला आणि माझ्या ओठांवर टेकवला. बाटली उचलून दाराबाहेर ठेवून आली. परत येऊन खुर्चीत बसली आणि पदर तोंडात धरून म्हणाली,

"न्हाई."

या बाईनं जन्मात मला कशाला न्हाई म्हणलं नव्हतं. मी तिला लई शिव्या दिल्या, मनातल्या मनात, कारण घसा चालत नव्हता.

वजन उतरत गेलं, आता मी घरी आडवी झोपते. मावशीचं अंथरूण शेजारीच असतं, आणि अजून तिचा हात माझ्या नाकापाशी येतो. मी जागी असले तर जोरात श्वास सोडते, म्हणजे तिला कळतं, आणि ती कूस बदलून झोपते.